जिच्यावाचून अडायचं ती

दमयंती,

रुतिकाचा फोन आला होता. म्हणाली, "आमच्या मॅडम रिटायर होतायत, छोटी पुस्तिका काढतोय, तुम्ही चार ओळी द्या ना. छान छान लिहा." छान छान! तुझ्याबद्दल मी एकदा छान लिहिलं होतं. मार्च चौऱ्याण्णव, निळी शाई, जेमतेम दोन ओळी. त्या दोन ओळींनी काय केलं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. तू बोलणार नाहीस, तुझा स्वभावच नाही तो. आणि मला आता थांबायला वेळ नाही. सत्त्याऐंशी पूर्ण झाली, उजव्या डोळ्याला सरळ रेघसुद्धा वाकडी दिसते. तेव्हा चार ओळी मिळायच्या नाहीत, हे मिळेल. छापायचं की फाडायचं ते तू ठरव. रुतिकाला बजावलंय, तुला दाखवल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. म्हणून मधला भाग त्यांच्याकडे तोंड करून सांगते. तू तोवर बस. नाहीतरी स्टाफरूममध्ये आठ वर्षं खिडकीशी बसून ऐकतच होतीस.

जून नव्वद. आमचं कॉलेज तेव्हा कोपरखैरण्यात नवं नवं उभं राहत होतं. दोन मजले झाले होते, तिसऱ्याच्या सळया आभाळाकडे बघत होत्या. प्राणिशास्त्र विभाग म्हणजे मी, एक रिकामी खुर्ची आणि सिताराम. सिताराम प्रयोगशाळेतला शिपाई. बरण्या पुसायचा, झुरळं पकडायचा आणि येईल त्याला सांगायचा की विभाग खरा मीच चालवतो. ते फारसं खोटं नव्हतं.

त्या रिकाम्या खुर्चीसाठी मुलाखती झाल्या. टेबलामागे प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी आणि मी. चौथी उमेदवार आत आली ती दमयंती मढवी. पंचविशीची, काटक, केसांना तेल, घणसोली गावातली. एम.एस्सी. पहिला वर्ग. पदाधिकाऱ्यांनी अर्ज उलटासुलटा केला.

"मढवी म्हणजे इथल्याच की तुम्ही! घरी काय करतात?"

"आई मासळी विकते. वडील कंपनीत वॉचमन आहेत. आधी शेती होती."

"वा! म्हणजे प्राणिशास्त्र घरचंच!" ते स्वतःच्या विनोदावर हसले, प्राचार्यही त्यांच्या मागोमाग हसले.

ती हसली नाही. शांतपणे म्हणाली, "हो सर. एम.एस्सी.ला पहिले सहा महिने मी फक्त इंग्रजी नावं शिकले. बाकीचं येत होतं."

मी तिथेच तिच्या नावापुढे खूण केली.

आमचं कॉलेज शिकवायचं कॉलेज. हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. संशोधन हा शब्द आमच्याकडे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर असे आणि तिथेच राही. सकाळी सातपासून तास, अकरापासून प्रात्यक्षिकं, मधेच चाचण्या, मग पेपर तपासणी, मग पर्यवेक्षण. प्राचार्य सरळ म्हणायचे, "आपलं काम पोरं पास करणं. शोध लावायला मोठी माणसं बसलीत तिकडे." मुलं कोण? तुर्भ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची, वाशीच्या मार्केटात हिशेब लिहिणाऱ्यांची, गावठाणातली. घरात पहिल्यांदाच कोणीतरी बारावीच्या पुढे गेलेलं. त्यांना पास करणं हे हलकं काम नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या कामाला जुंपलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नव्हतं. मीही नाही.

दमयंतीने पहिल्याच वर्षी एक केलं. विच्छेदनाला मुशी लागते, म्हणजे वीतभर-हातभर लांबीचा छोटा शार्क. पुरवठादाराकडून यायची ती फॉर्मालिनमध्ये मुरलेली, रबरासारखी, डोळ्यांतून पाणी काढणारी. एका सकाळी दमयंती टोपली घेऊन आली. आईच्या टोपलीतल्या ताज्या मुश्या, वर ओला गोणपाट. ती पहिली चीर देताना म्हणाली, "आज नाक धरायचं नाही. आज बघायचं." मेंदूपासून निघालेल्या नसा पांढऱ्या दोऱ्यांसारख्या स्वच्छ दिसल्या. बाकावर चढून मुलं बघत होती. मागून एक मुलगी ओरडली, "मॅडम, कापून झाल्यावर ही घरी नेऊ का? आई कालवण करेल!" ती रुतिका. जी आता विभागप्रमुख आहे आणि मला छान छान लिहा म्हणते, तीच.

"मार्क मिळाले तर ने," दमयंती म्हणाली.

त्या वर्षी आमच्या प्रात्यक्षिकांचा निकाल पाहून बाहेरच्या परीक्षकाने मला विचारलं होतं, प्रश्न आधी फोडले का म्हणून.

आता निवटी. खाडीच्या चिखलात बोटभर लांबीचा एक मासा असतो, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रांगत चालतो. चिखलात बीळ करून राहतो. घणसोलीला त्याचं कालवण खातात. दमयंतीची आई वेणूबाई ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरून निवट्या पकडायची. तिचं एक म्हणणं होतं, जे दमयंतीने लहानपणापासून ऐकलं होतं: उधाण यायच्या दोन दिवस आधीच निवटी आपलं बीळ सोडून वरच्या अंगाला सरकते. पाणी अजून वाढलेलंच नसतं, तरी. म्हणजे तिला कळतं कसं?

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"कुठेच नाही बाई. म्हणून तर."

ब्याण्णवच्या नोव्हेंबरात ती मला एकदा तिथे घेऊन गेली. तिवरांच्या कडेला चिखलात चार खुंट्या ठोकल्या होत्या, दहा पावलं बाय दहा पावलं. त्या चौकोनातली बिळं ती रोज मोजायची. किती उघडी, किती बुजलेली, किती नवी. कॉलेजच्या आधी नाहीतर नंतर, जशी ओहोटी असेल तसं. तिला परीक्षेचं काम असेल त्या दिवशी वेणूबाई मोजायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती दर बिळामागे एक शिंपली डब्यात टाकायची आणि लेक घरी आली की डबा पुढ्यात ओतायची.

वेणूबाई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली उभी होती. मला म्हणाली, "बगा बाई, यवरी शिकली, कालेजान शिकवते, आनि हतं येऊन काय करते? निवट्यांची हजेरी घेते!"

"तुमच्याच सांगण्यावरून घेते ना?" मी म्हटलं.

"मी सांगलं ता खरा हाय. खऱ्याला मोजाला कशाला लागतं?"

मी प्राध्यापिका, मी खाली वाकून बिळं मोजायला लागले.

तर त्या वह्या. शंभर पानी, लांबट, पुठ्ठ्याच्या. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात तिथी, कारण भरती-ओहोटी तिथीने चालते आणि वेणूबाईही तिथीनेच चालायची. मग आकडे. आणि शेवटच्या रुंद रकान्यात आईचे शब्द, जसेच्या तसे. 'आज बिलांना बूच.' 'वारा खालचा, निवटी वर सरली.' 'अष्टमीचा भांग, पन निवटी थांबली नाय.' भांग म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी कमी चढण्याचे दिवस.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवला प्रवेश घटले. संस्थेत कुजबुज सुरू झाली की प्राणिशास्त्राची एक जागा कमी करावी. मी ज्येष्ठ, ती कनिष्ठ, म्हणजे जाणार ती. मार्चमध्ये दर वर्षी विभागप्रमुखाने सहकाऱ्याचा गोपनीय अहवाल भरायचा असतो. त्यात शेवटी 'सर्वसाधारण अभिप्राय' अशी जागा असते. लोक तिथे 'समाधानकारक' लिहून मोकळे होतात. मी पेनात शाई भरली आणि लिहिलं: 'कु. मढवी यांच्यावाचून विभागाचे एकही प्रात्यक्षिक होऊ शकणार नाही. विभागास त्या अपरिहार्य आहेत.'

जागा वाचली. मी स्वतःवर खूष होते. दोन ओळींत एक नोकरी वाचवली म्हणून त्या दिवशी सितारामला चहा पाजला.

पुढच्या वर्षी, पंचाण्णवच्या मार्चमध्ये, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून श्यामसुंदर सर आले. दादरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत असायचे. खाडीतल्या जीवांवर आयुष्य घालवलेला माणूस, सदरा इस्त्रीचा नाही, बोलणं कमी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दमयंतीची वही टेबलावर राहिली होती. त्यांनी उघडली. डबा तसाच राहिला, गार झाला.

"ही कोणाची?"

"माझी, सर."

"रोज?"

"रोज. दोन दिवस चुकलेत. एकदा मला ताप होता आणि आई लग्नाला गेली होती."

ते थोडा वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही पीएच.डी. करताय. तुम्हाला फक्त कोणी सांगितलेलं नाही. शिक्षकांना दोन वर्षांची पगारी रजा मिळते, ती घ्या आणि माझ्याकडे या. बाकी मी बघतो."

त्या संध्याकाळी प्रयोगशाळा आवरताना दमयंती गुणगुणत होती. आठ वर्षांत तेवढंच एकदा मी ऐकलं. पीएच.डी. म्हणजे तिच्यासाठी नावापुढे डॉक्टर लावणं नव्हतं. तिच्या आईचं म्हणणं खरं आहे, हे आईपेक्षा मोठ्या आवाजात सांगायची ती एकच जागा होती. शिवाय आमच्या पेशात डॉक्टरेट नसलेला माणूस एका पायरीवर थांबतो, आणि मग त्याच्या अंगावरून इतर जण चढत राहतात. हे तिला कळत होतं. ती खुळी नव्हती.

रजेचा अर्ज गेला. आमच्या संस्थेचा नियम असा की एका वेळी एकालाच सोडायचं. अर्ज दोन आले. दुसरा भौतिकशास्त्राच्या केयूरचा. केयूर मनाने चांगला हो, पण फळ्याकडे तोंड करून शिकवायचा आणि वर्ग त्याच्या पाठीकडे बघून पत्ते खेळायचा.

जुलैमध्ये प्राचार्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. समोर तिची फाइल. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, माझं वाक्य, पूर्णविरामासकट.

"मॅडम, अक्षर तुमचंच ना?"

"हो."

मी दमयंतीकडे पाहिलं. तिला ठाऊकच नव्हतं मी काय लिहिलंय. गोपनीय असतं ना ते. तिचा चेहरा क्षणभर उजळला. मी तोंडावर कधी शाबासकी दिली नव्हती, ती अशी मिळाली. तिने माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं! आणि मग हळूहळू तिला कळलं की हे का वाचून दाखवतायत. तो उजेड विझताना मी पाहिला. माझ्या आयुष्यातली मी पाहिलेली सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे, आणि मी माणसं मरताना पाहिली आहेत.

प्राचार्य म्हणाले, "मग आता? ह्यांना दोन वर्षं सोडलं तर तुमच्याच म्हणण्याप्रमाणे विभाग बंद करावा लागेल. की तुम्ही वाढवून लिहिलं होतं? तसं असेल तर सांगा, इथल्या इथे दुरुस्ती करू. गाडीचा चालता बैल सोडून मी काय गोठ्यातला जुंपू?"

काय बोलायचं ते मला माहीत होतं. 'वाढवून लिहिलं होतं. बदली माणूस द्या, प्रात्यक्षिकं मी उभी राहून घेईन.' एवढंच. सरळ मराठी. पण तेव्हा मी सत्तावन्नची होते, गुडघे गेले होते, आणि आठवड्याला सहा प्रात्यक्षिकं म्हणजे चार-चार तास उभं राहणं. हे मनात आलं. आणखी एक आलं: मी लिहिलेलं मी खोडायचं? तेही या माणसासमोर? ही दोन कारणं. तिसरं शोधूनही सापडत नाही, आणि मी बरंच शोधलंय.

मी म्हणाले, "विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये, एवढंच."

"बघा!" प्राचार्य म्हणाले. "मढवी, तुम्ही म्हणजे कॉलेजचा कणा. कणा काढून देतात का कोणी?"

दमयंती उठली. "नाही सर," म्हणाली. जिन्यात मला म्हणाली, "बाई, तृतीय वर्षाच्या तुकड्या पाडल्यात का? मी आत्ता पाडून टाकते."

रजा केयूरला मिळाली. त्याच्यावाचून काहीच अडत नव्हतं. सत्त्याण्णवमध्ये तो डॉक्टर होऊन परतला, पेढे घेऊन स्टाफरूमभर फिरला. माझ्यापाशी आला तेव्हा आवाज उतरवून म्हणाला, "बाई, खरं सांगू का? मला सोडायला कोणीच हरकत घेतली नाही, तेव्हा मला जरा लागलंच हो."

"लागायलाच हवं," मी म्हटलं आणि पेढा घेतला.

खिडकीशी दमयंती पेपर तपासत होती. तिने मान वर न करता हात पुढे केला, पेढा खाल्ला, "अभिनंदन सर" म्हणाली आणि पुढचा गठ्ठा सोडला. केयूर पुढे कुठवर चढला ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्याची तसबीर ऑफिसात माजी प्राचार्यांच्या रांगेत लावलेली आहे.

रजा नाकारली तरी तिने मोजणं सोडलं नव्हतं. श्यामसुंदर सरांना वर्षातून एकदा पत्र टाकायची, त्यांचंही दोन ओळींचं उत्तर यायचं: 'मोजत राहा.' वह्या सहा झाल्या. मग अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये एका आठवड्यात त्या चार खुंट्यांवर कोणीतरी डंपर रिकामे केले. तुटक्या विटा, फरश्या, काँक्रीट. कोणाचे डंपर ते कोणी सांगेना. दमयंती मला म्हणाली ते एका बातमीसारखं: "बाई, जागा गेली. आता मोजायला काही नाही." वेणूबाईने मात्र कॉलेजच्या दारात येऊन मला विचारलं होतं, "तुमी मोठी मानसं, तुमाला म्हाईत असल. निवटी आदी सरली असल ना वरती? तिला कलतं." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

आता त्या वह्यांसारखं दुसरं काही होणार नव्हतं. हे श्यामसुंदर सरांना आमच्याआधी कळलं. ऑगस्टमध्ये त्यांचं पत्र आलं, या वेळी पानभर. मी डिसेंबरअखेर निवृत्त होतोय. त्याच्या आत वह्या माझ्या हातात पडल्या तर रजेशिवाय नोंदणी करून घेतो. साडेपाच वर्षांचं काम झालेलंच आहे, लिहायचं तेवढं राहिलंय. शेवटी खाली रेघ मारून: 'जशा आहेत तशा आणा.'

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, एक दिवसाची किरकोळ रजा टाकून शुक्रवारी जाऊन येते.

आणि दमयंती, इथून पुढचं तुलाच सांगायला हवं. इतरांनी वाचलं तर वाचू दे.

मी म्हणाले, "शुक्रवारी तुझी दोन प्रात्यक्षिकं आहेत. तू कशाला तास बुडवतेस? मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे दादरला जातेच. मी नेऊन देते."

तू "बरं बाई" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत सहा वह्या घालून दिल्यास. पिशवीच्या तोंडाला नाडी होती, ती तू गाठ मारून बांधली होतीस. मी सानपाड्याला घरी आले, चहा ठेवला, आणि गाठ सोडली. सोडायला नको होती. पण छत्तीस वर्षं वह्या तपासणाऱ्या बाईपुढे सहा वह्या ठेवल्या तर ती दुसरं काय करणार?

पहिल्या पानावर तीन चुका दिसल्या. मी लाल पेन घेतलं.

मग मला वाटलं, असं कसं द्यायचं? तिथी काय, 'सरली' काय, 'बूच' काय! मोठ्या संस्थेत माझ्या विभागाची वही अशी जाणार? लोक काय म्हणतील, ह्यांना साधी नोंद करता येत नाही? सरांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. तरी मला वाटलं, तो त्यांचा चांगुलपणा. मी नवी वही आणली आणि स्वच्छ प्रत करायला बसले. तिथी काढून टाकली. तुझ्या आईचा रकाना गाळला. त्याच्या जागी इंग्रजीत नीटनेटके शेरे घातले, 'बिळांची तोंडे बंद आढळली' अशा धर्तीचे. डोळे तेव्हाही अधू, दिवसाला दोन-तीन पानं व्हायची. तुला मी म्हणायचे, "जरा नीट करतेय, मग देते." तू "बरं बाई" म्हणायचीस. ऑक्टोबरअखेर मी निवृत्त झाले. नोव्हेंबर आणि डिसेंबर मी रिकामीच होते, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे कामाचा बहाणा करता येणार नाही. डिसेंबरअखेर अडीच वह्यांची प्रत झाली होती.

जानेवारीत मी फोन केला. सर मुलाकडे बंगलोरला गेले होते. त्यांच्या जागी आलेला माणूस म्हणाला, अशी काही नोंदणी आमच्याकडे शिल्लक नाही. पुढच्याच वर्षी सर वारल्याचं कळलं.

फोन झाल्यावर मी कॉलेजात येऊन तुला सांगितलं. प्रयोगशाळेत झुरळाच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालली होती, सिताराम बशा मांडत होता. तू टाचण्या मोजत होतीस, मोजायची थांबली नाहीस. म्हणालीस, "असू दे बाई. वह्या तुमच्याकडेच राहू द्या, आमच्या घरात वाळवी आहे." मग मुलांना हाक मारलीस, "चला, आत या, ॲप्रन घाला." मी व्हरांड्यात उभी राहून पूर्ण तास ऐकला. इतकं चांगलं शिकवलेलं मी कुठे ऐकलं नाही. हा शेरा आता कोणाच्या फाइलीत जाणार नाही, म्हणून बिनधास्त लिहिते.

तेव्हापासून तू दर दिवाळीला येतेस. फराळ आणतेस, माझ्या डोळ्यांत थेंब घालतेस, वेणूबाई गेली तेव्हाही बाराव्यानंतर येऊन बसलीस. एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या हाताखालची सात मुलं डॉक्टर झाली. रुतिका म्हणते, मॅडमना कधी पुढे जायची हौसच नव्हती, त्यांना शिकवण्यातच आनंद. हे पुस्तिकेत छापलं तर मी पुस्तिका जाळीन, तिला सांग.

वह्या आहेत. वाळवी लागलेली नाही. मी अलीकडे भिंग घेऊन परत वाचल्या. माझ्या लाल खुणा सोडल्या तर त्यांत एकही चूक नाही. वेणूबाईचा रकाना सगळ्यांत नीट आहे. मी खोडला तो माझ्या प्रतीत. तुझ्या वहीत तो जसाच्या तसा आहे.

आणि तुला कधी न सांगितलेलं एक. ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत मी दादरला तीनदा गेले होते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यांच्या दवाखान्यापासून सरांची संस्था चालत दहा मिनिटांवर. तिन्ही वेळा निघताना मी चपला घातल्या, किल्ली घेतली, छत्री घेतली. पिशवी दाराशी खुंटीला होती. प्रत पुरी झाल्यावर नेऊ म्हणून मी तिला हात न लावता कुलूप लावलं.